आढावासाहेबांचे आफ्रिका-प्रयाण व तदनुषंगिक बाबी

नोकरी सोडण्याची इच्छा ही मनुष्याची मूलभूत प्रेरणा असून ती साधारणतः सोमवारी सकाळी साडेनऊला उद्भवते आणि अकराच्या चहाने शमते. आमच्या कंपनीत चारशे बारा कर्मचारी आहेत. पैकी चारशे अकरा जण रोज मनातल्या मनात नोकरी सोडतात. (उरलेला एक मी. मनुष्यबळ विभागात राजीनामे मीच स्वीकारतो. माझा राजीनामा मलाच स्वीकारता येत नाही, म्हणून मी त्या फंदात पडत नाही.) गेल्या सहा वर्षांत सगळं सोडून खरोखर लांब गेला तो एकच जण, आणि तोही चुकून.

आढावासाहेब कार्यपद्धती सुधारणा विभागाचे प्रमुख. वय चव्वेचाळीस. कशाचा तरी आढावा घेतल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे, म्हणून हे नाव पडलं. स्वच्छतागृहातला साबण संपला की आठवड्याभरात साबणाच्या वापराचा रंगीत आलेख दारावर लागे. (साबण येत नसे. पण तो का नाही, हे प्रत्येकाला नीट समजलेलं असे.)

त्या दिवशी सहाव्या मजल्यावर ‘बैठकांचा कालावधी कमी करणे’ या विषयावर बैठक चालू होती. चौथा तास होता. एअर कंडिशनरचं पाणी आढावासाहेबांच्या फाइलवर थेंब थेंब गळत होतं आणि ते एकेक थेंब मोजत होते. मोठ्या साहेबांनी विचारलं, “पुढच्या तिमाहीत तुमच्याकडून काय अपेक्षा ठेवायची?”

“मी सगळं सोडून आफ्रिकेला जातो,” आढावासाहेब म्हणाले.

मग कुणीतरी “छान!” म्हणालं आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली. इतिवृत्तात नोंद झाली: ‘आफ्रिका. जबाबदारी: आढावासाहेब. मुदत: तिमाहीअखेर.’ हे इतिवृत्त त्रेचाळीस जणांना गेलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. चेहरा पडलेला.

“अहो, ते मी वैतागून बोललो होतो.”

“इतिवृत्त मंजूर झालंय, साहेब.”

“मग दुरुस्ती करा ना.”

“दुरुस्तीला बैठक लागते. ती पुढच्या तिमाहीत.”

“आणि जायची मुदत?”

“या तिमाहीत.”

स्वतः आखलेली पद्धत इतकी निर्दोष असेल, याची त्यांना कल्पना नव्हती. संध्याकाळपर्यंत निरोपाचं कार्ड साठ जणांच्या हातांतून फिरून आलं. त्यावर सत्तावन्न जणांनी ‘तुमचा हेवा वाटतो’ असं लिहिलं होतं. तिघांनी नुसतीच सही केली होती. (त्यांना वाटलं वाढदिवस आहे.)

घरी बायकोला सांगितलं, तेव्हा ती दवाखान्यातून आणलेले पेशंटच्या दातांचे एक्स-रे उजेडात धरून बघत होती. ती दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे लोक तोंड उघडून काहीही बोलले तरी तिला धक्का बसत नाही.

“किती दिवस?”

“बावन्न. स्वस्तातली सफर आहे. ट्रकमधून. तंबूत झोपायचं, भांडीही आपणच घासायची.”

“तू? भांडी?”

“पाळी लावतात म्हणे.”

“जा. एकच अट. परत आल्यावर मला स्लाइड दाखवायच्या नाहीत.” मग तिने एक्स-रे खाली ठेवला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, “आणि मगरी असतात तिथे. पाण्यात उतरू नकोस.”

ते गेले. जाताना हातातलं घड्याळ काढून बॅगेच्या तळाशी टाकलं. मात्र अहवाल कुणाला तरी द्यायची सवय सुटेना, म्हणून दर शनिवारी ते मला पाठवू लागले. पहिल्या अहवालात एकही आकडा नव्हता. फक्त आभाळ फार मोठं आहे, एवढंच होतं. वाचून मी काळजीत पडलो.

ट्रकमध्ये बारा प्रवासी होते. अकरा जण कुठल्या ना कुठल्या ऑफिसातून पळालेले. बारावी एक निवृत्त नर्सबाई, तिला जिराफ बघायचे होते. (निव्वळ बघायचे. बघून त्याचं पुढे काय करायचं, याची तिच्याकडे कसलीही योजना नव्हती.) ट्रक चालवणारी ड्रायव्हरबाई तिथलीच. रुंद खांद्यांची, मोजकं बोलणारी, त्या रस्त्यावर एकोणीस वर्षं काढलेली.

दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी दुसऱ्याची ताटली घासायची विसरलं. आढावासाहेबांनी फक्त एक छोटा तक्ता केला. तो सगळ्यांना इतका आवडला की काही जणांचे डोळे पाणावले. तिसऱ्या आठवड्याअखेर ट्रकमध्ये पाणी समिती, तंबू समिती आणि प्राणिदर्शन समिती स्थापन झाली होती. अहवालात होतं: ‘जिराफ उद्दिष्टापेक्षा अठरा टक्के जास्त. हत्ती समाधानकारक. सिंह एकदाच आला आणि संपूर्ण वेळ झोपून होता. त्याच्याकडून अधिक सहभाग अपेक्षित.’ जाहिरात कंपनी सोडून आलेल्या एका बाईंनी, ज्यांना सगळे ब्रँडताई म्हणत, ट्रकला बोधवाक्यही दिलं. नर्सबाईंनी तिन्ही समित्यांचं सदस्यत्व नाकारलं आणि त्या पुढे ड्रायव्हरबाईंशेजारी जाऊन बसल्या.

पाचव्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी सहाला ट्रक वाळूत रुतला. नदी तिथून बारा किलोमीटरवर. गाड्या पलीकडे नेणारा तराफा आठवड्यातून एकदाच, गुरुवारी बाराला सुटे.

“उतरा, खणायला या,” ड्रायव्हरबाई म्हणाल्या.

“खणायला आमचा विरोध नाही,” ब्रँडताई म्हणाल्या, “पण आधी आपण का रुतलो, यावर एकमत होऊ दे. नाहीतर उद्या परत रुतू.”

हे म्हणणं बिनतोड होतं. काटेरी झाडाच्या सावलीत बैठक भरली. अध्यक्ष आढावासाहेब. ट्रकच्या बाजूवर खडूने कारणांची झाडासारखी आकृती काढण्यात आली. तासाभरात तिला सोळा फांद्या फुटल्या. आकृतीच्या खालीच ड्रायव्हरबाई फावड्याने आणि नर्सबाई जेवणाच्या ताटलीने वाळू उपसत होत्या. (त्यांच्या हालचालीने खडूचं लिखाण पुसलं जात असल्याबद्दल एकदा नाराजी नोंदवण्यात आली.)

आठच्या सुमारास आढावासाहेब वही घेऊन त्यांच्याजवळ गेले.

“अंदाजे किती टक्के वाळू निघाली असेल?”

ड्रायव्हरबाई उभ्या राहिल्या. घाम डोळ्यांत गेला होता.

“माझ्या मुलीचे दिवस भरलेत,” त्या म्हणाल्या. “ती पलीकडच्या गावात आहे, एकटी आहे. आजचा तराफा चुकला तर पुढचा आठ दिवसांनी. एकोणीस वर्षांत मला हत्तींनी अडवलं, पुराने अडवलं. बैठकीने अडवलेलं हे पहिल्यांदाच.”

एवढं बोलून त्या पुन्हा वाकल्या.

आढावासाहेबांनी उत्तर लिहून घ्यायला वही उघडली. कुठल्या रकान्यात लिहायचं, ते कळेना. त्यांनी वही वाळूवर ठेवली, आपली ताटली आणली आणि गुडघ्यांवर बसले. अर्ध्या तासात तळहात सोलपटले. झाडाखाली अध्यक्षांच्या अनुपस्थितीची नोंद झाली, मग चर्चेला रंग येईना, मग एकेक जण ताटली घेऊन आला. सव्वाअकराला ट्रक हलला. नदीवर पोहोचले तेव्हा तराफेवाल्याने दोर सोडला होता. नर्सबाईंनी खिडकीतून अर्धं शरीर बाहेर काढून अशी आरोळी ठोकली की पाण्यातले पक्षी उडाले आणि तराफा थांबला.

चार वाजता मुलगी झाली. ड्रायव्हरबाई दवाखान्याच्या पायरीवर आल्या आणि त्यांनी अर्ध्या मिनिटासाठी नात आढावासाहेबांच्या सोललेल्या हातांत दिली. त्या शनिवारचा अहवाल सर्वांत छोटा आहे. शेवटची ओळ अशी: ‘वजन विचारलं नाही.’

ते परत आले. आम्ही त्यांचं पद भरलं नव्हतं. (रिक्त असल्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.) मोठ्या साहेबांनी विचारलं, “आफ्रिकेतून काय शिकलात?” आढावासाहेब म्हणाले, “खणलं.” मोठे साहेब विलक्षण प्रभावित झाले. महिनाभरात तळघरातल्या पार्किंगमध्ये तीन ट्रक वाळू येऊन पडली आणि ‘अंतर्मुक्ती उपक्रम’ सुरू झाला. प्रत्येक कर्मचाऱ्याने दोन तास ताटलीने वाळू उपसायची. सहभाग ऐच्छिक, हजेरी सक्तीची. समाधान शहाण्णव टक्के. (उरलेले चार टक्के कंबर धरून रजेवर आहेत.)

“मला तेव्हा फार बरं वाटलं होतं हो,” आढावासाहेब एकदा वाळूच्या ढिगाशी मला हळूच म्हणाले. त्यांच्या हातात वेळ मोजायचं यंत्र होतं.

उपक्रमाच्या शंभराव्या दिवशी ड्रायव्हरबाईंना पडद्यावरून प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावण्यात आलं. कडेवर नात होती. त्यांनी वाळू उपसणारे चाळीस लोक बराच वेळ पाहिले.

“गाडी कुठे आहे?”

“गाडी नाही. ही प्रशिक्षणाची वाळू आहे,” मोठे साहेब म्हणाले.

“मग कुणाला उशीर होतोय?”

टाळ्या झाल्या. प्रश्न नोंदवून घेण्यात आला असून तो योग्य समितीकडे पाठवला आहे. आढावासाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या सकाळी ते माझ्याकडे आले आणि रजेचा अर्ज ठेवून गेले. कारणाच्या रकान्यात त्यांनी ‘भांडी’ एवढंच लिहिलं होतं. मी तो मंजूर केला. का केला, ते अजून माझ्या ध्यानात आलेलं नाही.

आता आपल्याविषयी. अशी हकीकत वाचताना वाचक साधारण दुसऱ्या आठवड्यापाशी थांबून स्वतःच्या शिल्लक रजा मोजतो, असं आमच्या विभागाचं निरीक्षण आहे. आपणही मोजल्यात. राजीनाम्याचं पहिलं वाक्यसुद्धा मनात जुळवलंत. वाक्य चांगलं आहे. आमच्याकडे ते चारशे अकरा जणांचं आहे. तरी घाईचं काही कारण नाही. आफ्रिका आहे तिथेच राहणार आहे, आणि आपल्याबाबतही विभागाचा अंदाज तोच आहे.