मोकाट आणि फिरती

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास भिवरखेड नगरपालिकेच्या पथकाने हेमलता बोरावके हिची इच्छा भर बाजारपेठेत मोकाट फिरताना पकडली आणि कोंडवाड्यात नेऊन घातली.

हेमलता तेव्हा दुकानात होती. स्टँडसमोरच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती चौदा वर्षं करत होती. शेजारचा झेरॉक्सवाला धापा टाकत आला. "वहिनी, तुमची नेली. दोघांनी कान धरले आणि उचलून गाडीत टाकली. ओरडत होती हो." हेमलताने हातातली काच फडक्यात गुंडाळली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि चपला घातल्या.

भिवरखेडला जाणत्या माणसाची इच्छा त्याच्या घरी राहते. गुडघ्याएवढी उंच, चार पायांची, रंग ज्याचा त्याचा. पुरुषांच्या इच्छा दिवसभर गावात असतात. कॉलेजच्या फाटकाशी बसतात, येणाऱ्याजाणाऱ्या पोरींच्या मागे लागतात, दुसऱ्याच्या अंगणात शिरून वाळवण तुडवतात. पुरुषाची आहे, हिंडणारच, असं म्हणून लोक पुढे जातात. बायकांच्या इच्छा घरामागच्या पडवीत असतात. नवऱ्याची उठली की त्यांनी उठायचं, ती बसली की बसायचं, आणि दोन बाळंतपणं झाली की पायांत मान घालून झोपायचं ते कायमचं, अशी रीत आहे. बऱ्याचजणींच्या झोपतही असतील. कोणी कुणाच्या पडवीत जाऊन बघत नाही.

हेमलताची झोपली नव्हती. त्रेचाळिसाव्या वर्षीही ती तांबूस, तुळतुळीत होती, डोळे लख्ख, आणि पडवीच्या दाराला रोज नाक लावून उभी राहायची. झोपली होती ती दिनकरची. दिनकर, म्हणजे हेमलताचा नवरा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. त्याची इच्छा सहा वर्षांपासून खाटेखाली पडून होती. कुणी पाहुणा आला की दिनकर म्हणायचा, "आमची गेलीय बाहेर, असेल कुठंतरी." तरुणपणी मात्र ती खरंच असायची कुठंतरी. एकदा तर मागच्या आळीतल्या भोइटेबाईंच्या अंगणात सलग तीन दिवस बसून होती. तेव्हा सासूबाईंनी हेमलतालाच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तूच कमी पडत असशील." हेमलता तेव्हा पंचवीस वर्षांची होती. ते वाक्य तिला अजून जसंच्या तसं ऐकू यायचं, आवाजासकट.

कोंडवाडा पाण्याच्या टाकीमागे. दाराशी टेबल टाकून कारकून मोहिते बसले होते. त्यांनी पावतीपुस्तक पुढे ओढलं.

"मालकाचं नाव?"

"हेमलता दिनकर बोरावके."

मोहित्यांनी पेनाचं टोपण काढलं नाही. "ताई, मालकाचं विचारलंय."

"तेच सांगितलं."

"मालक म्हणजे तुमचे मिस्टर. त्यांनी यायचं, ओळख पटवायची, सही करायची, घेऊन जायचं. सोपं आहे."

"इच्छा माझी आहे."

"असेल ना. मी कुठं नाही म्हणतो?" मोहिते शांतपणे म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. "पण उद्या म्हैस येऊन म्हणाली, मी माझीच आहे, सोडा मला, तर मी काय करू? रकान्यात मालक लिहिलंय."

"आणि मिस्टर नाही आले तर?"

"सात दिवस वाट बघतो. मग विल्हेवाट."

"म्हणजे नक्की काय करता?"

"नियमात तेवढाच शब्द आहे," मोहिते म्हणाले. "शक्यतो ती वेळ येत नाही. इथे आल्या की त्या आपोआपच बारीक होत जातात."

हेमलता जाळीपाशी गेली. आत चाळीस होत्या. तिची कोपऱ्यात उभी होती, डावा कान सोललेला. तिला बघून पुढे आली आणि जाळीला कपाळ लावून उभी राहिली. हेमलताने दोन बोटं आत घातली. बाकीच्या बहुतेक बसून होत्या. काहींची हाडं वर आली होती.

जाळीच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बाई पदराखालून भाकरीचे तुकडे आत टाकत होती. त्या कोळेकरकाकू. त्यांचे यजमान वारून बारा वर्षं झाली होती आणि काकूंची इच्छा पकडली गेली त्याला अकरा.

"माझ्या प्रकरणात मालक मयत आहे," काकू म्हणाल्या. "मग वारसांनी सही करायची. वारस म्हणजे माझे दोघं मुलगे. मोठा म्हणतो, आई, लाज वाटते. धाकटा म्हणतो, दादा करेल तर मी करतो. दोघांनी नकार दिलाय असंही नाही, म्हणून प्रकरण चालू आहे. चालू आहे तोवर विल्हेवाट नाही, एवढाच फायदा."

"त्यांच्या वडिलांची कशी होती?"

"ह्यांची? ती तालुक्यापर्यंत जायची. आठ-आठ दिवस यायची नाही. पोरं तिच्या पाठीवर बसून हसायची." काकूंनी शेवटचा तुकडा टाकला. "मला आता काही करायचं नाही गं तिला नेऊन. माझी आहे, माझ्या घरात असावी. एवढंच."

दुपारी दिनकर जेवायला घरी आला तेव्हा त्याच्या कानावर गेलेलं होतं. तो हात न धुताच ताटावर बसला.

"सुटली कशी?"

"कडी लावली नव्हती."

"विसरलीस?"

"नाही. लावली नाही."

दिनकरने घास खाली ठेवला. "गावात काय म्हणतील, कळतंय का? बोरावकेच्या बायकोची बाजारात फिरते. म्हणजे बोरावकेची काय करते, हे विचारणारच ना लोक?"

"विचारू देत. झोपलीय म्हणून सांगा. झोपली तर झोपली, तो काय गुन्हा आहे?" हेमलता म्हणाली. "अहो, सहा वर्षांत मी एका शब्दाने तुम्हाला बोलले का? तिला हलवली का कधी? तुमची झोपली तर सगळ्या घराने पाय न वाजवता चालायचं, आणि माझी जागी राहिली तर तिला कोंडायचं. हे कुठलं?"

"हळू बोल."

"तुमची भोइट्यांच्या अंगणात बसली होती तेव्हा कोण हळू बोलत होतं? तुमचे मित्र दारात उभे राहून टाळ्या देत होते. मी त्यांना चहा दिला."

दिनकरने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "मी सही करणार नाही. आपल्या घरात असलं काही नाही, असं सांगेन कोणी विचारलं तर." आणि अर्धं जेवण टाकून कामावर गेला.

बुधवारी हेमलताने नगरपालिकेला अर्ज दिला. अर्जात तिने दोनच गोष्टी मागितल्या होत्या. एक, तिची इच्छा तिच्या सहीवर सोडावी. दोन, सोडायची नसेल तर मोकाट फिरण्याचा नियम गावातल्या सगळ्यांच्या इच्छांना लावावा. मोहित्यांनी अर्ज घेतला तेव्हा ऑफिसच्या खिडकीतून भाजीबाजार समोर दिसत होता. नगरसेवक आबासाहेब जगदाळे यांची इच्छा, धिप्पाड, काळी, एका भाजीवालीच्या पाटीत पुढचे दोन्ही पाय घालून उभी होती. ती बाई बिचारी अंग चोरून पाटीमागे बसली होती. पथकाची गाडी बाजूलाच उभी होती आणि पथकातला एकजण जगदाळ्यांच्या इच्छेला मेथी भरवत होता.

"ती मोकाट नाही का?" हेमलताने विचारलं.

मोहित्यांनी मान वळवून बघितलं. प्रश्न त्यांना रास्त वाटला. "लेखी विचारा," ते म्हणाले. "तोंडी विचारलं तर तोंडी उत्तर द्यावं लागेल, आणि ते मला माहीत नाही."

तिने तिथेच कागद मागून लेखी विचारलं. गुरुवारी मुख्याधिकाऱ्यांच्या सहीशिक्क्याचं उत्तर आलं. स्त्रियांच्या इच्छा घराबाहेर आढळल्यास त्या मोकाट समजाव्यात. पुरुषांच्या इच्छा मोकाट नसून फिरत्या असतात. फिरत्या इच्छांसाठी कोंडवाड्याची तरतूद नाही. सबब अर्ज निकाली.

हेमलताने ते उत्तर दुकानात उभ्याने वाचलं. मग काच घासायच्या चाकापाशी बसली आणि एकामागून एक सात काचा घासल्या. त्यातल्या तीन फुटल्या. तिच्या हातून चौदा वर्षांत कधी काच फुटली नव्हती.

शुक्रवारी भलतंच झालं. दिनकर कोंडवाड्यावर गेला. थोरल्या भावाने त्याला समजावलं होतं की विल्हेवाट झाली तर गावभर जास्तच बोभाटा होईल. त्यापेक्षा सही करून आणावी, परसातल्या पत्र्याच्या खोलीत दावणीला बांधावी, तोंडाला मुसकं घालावं, विषय संपला. दिनकरने नवीन दावं विकत घेतलं होतं. त्याने मालक म्हणून सही केली आणि मोहिते फाटक उघडायला उठले, तेवढ्यात हेमलता तिथे पोचली.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली. "मंगळवारी मी मालक म्हणून नाव सांगितलंय. आज हे सांगतायत. दोन नावं झाली."

"घरी बोलू आपण," दिनकर म्हणाला.

"घरी तुम्ही म्हणालात, आपल्या घरात असलं काही नाही."

मोहिते परत खुर्चीवर बसले. एका जनावरावर दोघांनी हक्क सांगितला तर काय करायचं हे नियमात स्पष्ट होतं. पाच पंच बोलवायचे, दोन्ही दावेदारांना फाटकापासून पन्नास पावलांवर दोन बाजूंना उभं करायचं, जनावर मोकळं सोडायचं आणि ते जाईल त्याचं. हाक मारायची नाही, खाऊ दाखवायचा नाही. म्हशींचे वाद भिवरखेडला असेच मिटतात. "इच्छेच्या बाबतीत हे लागू होत नाही असं कुठं लिहिलेलं नाही," मोहिते म्हणाले आणि सोमवारची तारीख दिली.

सोमवारी अकरा वाजता अर्धं गाव टाकीमागे जमलं. पाचही पंच पुरुष होते, त्यांत स्वतः जगदाळे. डावीकडे दिनकर, हातातलं दावं पाठीमागे धरून. उजवीकडे हेमलता, दुकानातल्याच कपड्यांत. मोहित्यांनी पंचनाम्याची सुरुवात मोठ्याने वाचली: "फाटक उघडे आहे. कोणाचाही अटकाव नाही." मग फाटक उघडलं.

हेमलताची इच्छा बाहेर आली. सहा दिवसांत तिची पाठ बसली होती. तिने अंग झाडलं आणि आधी दिनकरकडे गेली. लोकांत कुजबुज झाली. हेमलता जागची हलली नाही. इच्छेने दिनकरचा हात हुंगला. बराच वेळ हुंगला, ओळखीचा होता तो. दिनकरचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. त्याने तिच्या सोललेल्या कानाला हात लावण्यासाठी बोटं उचलली. तेवढ्यात तिला पाठीमागचं दावं दिसलं. ती वळली, सगळं अंतर सावकाश चालत आली आणि हेमलताच्या पायाला पाय लावून उभी राहिली.

"लिहा," हेमलता म्हणाली.

मोहिते लिहीत होते, पंच एकामागून एक सही करत होते, आणि फाटक उघडंच होतं. त्यातून दुसरी बाहेर आली. मग तिसरी. मग त्या येतच राहिल्या, हाडं दिसणाऱ्या, अडखळणाऱ्या. एकीलाही विचारावं लागलं नाही की घर कुठे.

"फाटक लावा!" जगदाळे ओरडले. "अहो मोहिते, फाटक लावा आधी!"

"लावता येत नाही, आबासाहेब," मोहिते मान वर न करता म्हणाले. "फाटक उघडे आहे, असं पंचनाम्यात लिहिलंय. त्यावर तुमचीच पहिली सही आहे."

सगळ्यात शेवटी कोळेकरकाकूंची आली. तिला एका डोळ्याने दिसत नव्हतं. काकूंचे दोघं मुलगे गर्दीत होते. मोठा पुढे होऊन वाट अडवायला गेला. काकूंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "बाजूला हो," म्हणाल्या, "पाडशील तिला." तो बाजूला झाला.

गर्दी पांगली. दिनकर एकटाच तिथे उभा होता. हेमलता त्याच्याजवळ गेली, त्याच्या हातातलं दावं काढून घेतलं आणि टाकीच्या कठड्यावर ठेवलं. "चला जेवायला," ती म्हणाली. तो आला. तिघं रस्त्याच्या मधून चालत गेली. त्याने इच्छेला आपल्या आणि हेमलताच्या मध्ये येऊ दिलं, पण कुणी ओळखीचं दिसलं की दुकानांच्या पाट्या वाचायचा.

त्यानंतर आठ दिवसांनी मोहिते चष्म्याच्या दुकानात आले. वरून नवीन छापील फॉर्म आला होता. मालकीचा प्रश्न पंचनाम्याने मिटलेला असल्यामुळे तो रकाना भरून आणला होता, हेमलताच्याच नावाने. बाकीची माहिती हवी होती.

"सध्या कुठं आहे?"

"बाहेर गेलीय," हेमलता म्हणाली. तिने चाक थांबवलं नाही.

"फिरण्याचं कारण?"

"इच्छा."

मोहित्यांनी तसं लिहिलं. मग पुढचा रकाना बोटाने दाखवला. "परत येण्याची वेळ?"

"ते मला नाही सांगता येणार. तिलाच विचारा."

मोहित्यांनी घड्याळात बघितलं. साडेबारा झाले होते, जेवणाच्या सुट्टीला अजून अर्धा तास होता. त्यांनी फॉर्म फाइलीत घातला, फाइल काखेत मारली, वाटेत इच्छा कोणत्या बाजूला गेली एवढं झेरॉक्सवाल्याला विचारून घेतलं आणि ते बाजारपेठेकडे निघाले.