शेवटच्या पानाचा क्रमांक एक

औषधाची मात्रा चुकली तर रोगी दगावतो. पानांचे क्रमांक चुकले तर फाईल दगावते. रोग्याला रडायला नातेवाईक असतात, फाईलला कोणी नसतं, म्हणून तिची काळजी सरकारला घ्यावी लागते.

लिमा शहरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाने (नाव सांगत नाही; भिंतींना नुकताच रंग दिला आहे) मुख्य औषधनिर्मात्याच्या जागेसाठी पाचव्यांदा अर्ज मागवले. आधी चार वेळा जागा रिकामीच ठेवावी लागली होती. मुलाखतीत पंधरा गुण लागतात आणि फेर्मिन वार्कायांना चारही वेळा चौदा पडले. मूल्यमापनात इतकं सातत्य दुसरीकडे आढळत नाही.

फेर्मिन तेरा वर्षं त्याच जागेचं काम करत होते, पण तात्पुरते. करार तीन महिन्यांचा असे, म्हणजे आतापर्यंत ते बावन्न वेळा तात्पुरते झाले होते. तात्पुरत्या माणसाला डॉक्टरने लिहिलेलं औषध अडवता येत नाही. शंका आली तर त्याने मुख्य औषधनिर्मात्याला चिठ्ठी लिहायची. फेर्मिन चिठ्ठी लिहीत, तिच्यावर क्रमांक घालत आणि मुख्य औषधनिर्मात्याच्या रिकाम्या टेबलावर नेऊन ठेवत. (तिथे एकशे बारा चिठ्ठ्या जमल्या होत्या.) त्यांना ते टेबल नको होतं. औषध थांबवणारी सही हवी होती.

अर्जाचे नियम एकोणीस. त्यातला सातवा असा: प्रत्येक पानावर वर उजव्या कोपऱ्यात, निळ्या शाईने, अंकी व अक्षरी क्रमांक घालावा, क्रमांक शेवटच्या पानापासून सुरू करून पहिल्या पानावर संपवावा. असं का, हे कोणी विचारत नाही. (विचारणाऱ्यांचे अर्ज बाद होत असल्याने तशी नोंदही नाही.)

आधीच्या चार वेळा हे काम त्यांच्या बायकोने, देल्फीनाने केलं होतं. रात्रीची ताटं बाजूला सारून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि फेर्मिन भांडी घासायचे. चारशे औषधांच्या मात्रा त्यांना तोंडपाठ होत्या; पानं कुठल्या टोकाकडून मोजतात हे मात्र बायकोच्या खात्यातलं होतं. गेल्या जूनमध्ये देल्फीना वारली. सातव्या नियमात याबद्दल सवलत नाही.

रुग्णालयाच्या फाटकाशी फोटोकॉपी काढणारा सोयलो म्हणाला, "डॉक्टर, आकडे टाकून देऊ का? मशीन आणलंय नवीन." (लिमात औषधनिर्मात्यालाही डॉक्टरच म्हणतात.)

"नको, घरी होतं ते," फेर्मिन सवयीने म्हणाले.

घरी कोणी नव्हतं. मग स्वतःच बसले. एकशे सत्त्याऐंशी पानं होती. पहिल्या पानावर त्यांनी एक लिहिलं, दुसऱ्यावर दोन. सरळ माणसाला जसं सुचेल तसं.

अर्ज घेणाऱ्या खिडकीत नील्दाबाईंनी फाईल चाळली. "अक्षर बदललं यंदा? घरच्या सेन्योरा कंटाळल्या वाटतं तुम्हाला!"

"हो, तसंच काहीसं," फेर्मिन म्हणाले. बाईंनी शिक्का मारला.

मुलाखतीच्या समितीत एक औषधनिर्माता असलाच पाहिजे, असा नियम आहे, आणि तो रुग्णालयाचा मुख्य औषधनिर्माताच असला पाहिजे, असाही आहे. ती जागा रिकामी असल्याने त्याची खुर्चीही रिकामी होती. तिच्यापुढे पाण्याचा ग्लास मात्र ठेवला होता. उरलेले सदस्य म्हणजे आस्थापना विभागाच्या बेद्रेगालबाई, वकील तारासोना आणि लिफ्टचे अभियंता.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" अभियंत्यांनी विचारलं.

"औषधांच्या खिडकीत."

"महत्त्वाकांक्षा नाही," त्यांनी लिहून घेतलं.

तेवढ्यात नर्स योवाना दार ढकलून आत आली. "माफ करा हं, डॉक्टर! बावीस नंबरच्या आजींना पोटॅशियम लिहिलंय. औषधांच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, आधी तुम्हाला दाखव."

फेर्मिननी कागद पाहिला. "देऊ नकोस. एक शून्य जास्त आहे. हे गेलं तर आजी रात्रीचं सूप प्यायला उरायच्या नाहीत."

"पण वर डॉक्टरांची सही आहे!"

"असू दे. माझ्या नावावर घाल, आणि पळ."

योवाना पळाली. बाहेरच्या व्यक्तीशी बोलल्याबद्दल तारासोनांनी दोन गुण कापले.

"आणि तात्पुरत्या माणसाने औषध अडवलं, ते कुठे लिहायचं?" त्यांनी विचारलं.

बेद्रेगालबाईंनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. "रकाना नाही."

"मग नका लिहू."

आजी वाचल्या, तेही त्याच कारणाने लिहिलं गेलं नाही.

मग बाईंनी फाईल उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो डॉक्टर! पहिल्या पानावर एक?"

तारासोना उठून उभे राहिले. अभियंत्यांनी शेवटचं पान काढलं आणि पडलेल्या आवाजात वाचलं, "एकशे सत्त्याऐंशी."

"दर वेळी तर व्यवस्थित असायचं हो तुमचं," बाई म्हणाल्या.

"दर वेळी बायको करायची."

"मग यंदाही तिलाच सांगायचं ना!"

"सांगितलं असतं," फेर्मिन म्हणाले.

मुलाखत अकरा मिनिटं चालली. त्यातली आठ पानांच्या क्रमांकांवर गेली, दोन समिती सावरण्यात आणि एक आजींवर.

निवड झाली ती तीनशे अकरा पानांच्या गृहस्थांची. क्रमांक मागून पुढे, निळी शाई, एकही खाडाखोड नाही. अनुभव शांपूच्या गोदामातला, पण सलग. सोमवारी ते टेबलाशी बसले आणि त्यांनी पहिलं काम कोणतं केलं, तर एकशे बारा चिठ्ठ्या फेर्मिनकडे परत पाठवल्या. शेरा होता: क्रमांक पुढून मागे घातले आहेत, सबब विचारात घेता येत नाहीत. फेर्मिनना त्रेपन्नावा करार मिळाला, साहेबांना काम शिकवण्यासाठी.

हे वाचून तुम्हाला हळहळ वाटली असेल. पण तुम्ही पहिल्या ओळीपासून सुरुवात करून शेवटच्या ओळीपर्यंत आलात, म्हणजे सातव्या नियमाप्रमाणे उलटं वाचलंत. ती हळहळ दाखल करून घेता येत नाही.

बावीस नंबरच्या आजी मात्र मंगळवारी आपल्या पायांनी घरी गेल्या. खाट रिकामी आहे. तिच्यासाठी अर्ज लागत नाही, मुलाखत होत नाही, पानांवर क्रमांकही नकोत. तुम्ही पात्र आहात.