चपट्या नाकाच्या गोळीचं सुबक भोक

एका जंगलात एका कागदाला चुकीचं भोक पडलं.

एवढंच. मुलांनो, तुम्ही म्हणाल, यात कसली आलीय गोष्ट? भोक ते भोक. पण तुम्ही त्या जंगलात राहत नाही, म्हणून असं म्हणता. त्या जंगलात भोकाला फार मान होता.

ते भोक पहिल्यांदा दिसलं हेमांगीला. हेमांगी म्हणजे एक टिटवी. नुकतीच कॉलेज संपवून आलेली, अंगाने किरकोळ, पान गळलं तरी दचकणारी. जंगलातल्या नेमबाज मंडळात तिला काम मिळालं होतं. गोळीबार झाला की चांदमारीचा कागद उतरवायचा, मंडळींना नेऊन दाखवायचा आणि जागेवर नवा लावायचा.

कागदावर लांडग्याचं चित्र असे. लांडगाच का? तर पूर्वी एकदा खराखुरा लांडगा आला होता आणि भेकराचं पाडस उचलून घेऊन गेला होता. त्यावर सभा झाली. सभेत रडारड झाली, भाषणं झाली आणि लांडग्याचा बंदोबस्त करायला हे मंडळ निघालं. प्रत्येकाकडे रिव्हॉल्व्हर आली. कुठून आली असं विचारू नका. गोष्टीतल्या सिंहाला मुकुट कोण घडवून देतं, हे विचारता का कधी?

तर ते भोक. मंडळाच्या गोळीचं भोक कसं, कंपासने काढल्यासारखं गोल. हे तसं नव्हतं. फाटकं होतं. कडा ओलसर होत्या. आणि ते चित्रातल्या लांडग्याच्या बरोब्बर डोळ्यात होतं.

हेमांगीने आधी मागे वळून बघितलं.

त्याला कारण होतं. कागदापासून चार उड्यांवर, उघड्या खड्यांमध्ये, तिची अंडी होती. जागा तिने फार विचार करून निवडली होती. मंडळाची गोळी कागद सोडून कुठे जात नाही, आणि गोळीच्या भीतीने तिकडे कुणी फिरकत नाही. म्हणजे सगळ्या जंगलात सुरक्षित जागा हीच! शिकल्याचा काहीतरी उपयोग झाला, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

गुण जाहीर होताना त्या भोकाचं कुणी नावही काढलं नाही, म्हणून ती कागद घेऊन धावतच मोहाच्या झाडाखाली गेली. तिथे मंडळाचा चहा चालला होता. अध्यक्ष अण्णासाहेब अस्वल बशीतून चहा पीत होते.

"अण्णासाहेब, हे भोक बघता का जरा? मला काहीतरी विचित्र वाटतंय."

अण्णासाहेबांनी कागद उन्हात धरला. त्यांचा चेहरा उतरला.

"हे आपल्या गोळीचं नाही."

"तेच म्हणतेय मी!"

"ही," अण्णासाहेब बशी खाली ठेवत म्हणाले, "आपल्या गोळीची बदनामी आहे."

झालं! सगळ्यांचे चहा थांबले.

मुलांनो, ती गोळी साधीसुधी नव्हती. अण्णासाहेबांच्या आजोबांनी तिचा साचा केला होता. नाक चपटं, नाकाखाली धारदार खांदा आणि कमरेला मेण भरायची खोल खोबण. तेव्हापासून जंगलात किती काय बदललं. नदीने वाट बदलली, वडाच्या पारंब्यांचे वड झाले. गोळी मात्र तीच.

"माझ्याकडे बघू नका हं," सखूमावशी साळिंदर फणकारल्या. शिसं वितळवून गोळ्या ओतायचं काम त्यांचं. "शिसं नीट तापलेलं होतं. एका गोळीवर सुरकुती दाखवा, मिशा उतरवून देईन."

"मावशी, तुम्हाला कोण बोलतंय?" बापू वानर म्हणाला. "गोळीत दोष असूच शकत नाही. मी नाही का मध्ये टोकदार गोळी करून बघितली? लांब जायची बरं का. पण भोक? सुई टोचल्यासारखं! कागद मागाहून मिटून जायचा. लागली की नाही, यावर दुपारभर भांडण. आपली गोळी बघा. खांद्याने कागद कापून अख्खी चकती काढते. वादाला जागाच नाही."

"आणि साच्यातून किती गुणाने सुटते! दांडे उघडले की टुपकन खाली. तुझी ती टोकदार बया साच्यात रुतून बसायची. ठोकून ठोकून माझे काटे गळाले."

"मेण विसरू नका," अण्णासाहेब म्हणाले. "खोबणीत मेण असतं म्हणून नळीला शिसं चिकटत नाही."

मेण भरायचं काम अण्णासाहेब स्वतः करत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मेण पोळ्यातलं ताजं असे, आणि ज्या दिवशी मेण भरायचं त्या दिवशी अण्णासाहेब जेवत नसत.

"पण भोक ओलं आहे," हेमांगी म्हणाली. "आणि... आणि लांडग्याच्या उंचीवर आहे. म्हणजे खरा लांडगा जर आलेला असला तर?"

"येऊ दे की," बापू म्हणाला.

"मग तुम्ही त्याला गोळी घालाल ना?"

बापूने शेपटीने पाठ खाजवली.

"घालू गं," तो म्हणाला. "पण त्याच्या अंगावर केस असणार. भोक गोल पडलं का नाही, दिसायचं कसं? गुण कसे द्यायचे?"

"वाद होतील," अण्णासाहेब म्हणाले. "मंडळात वाद नकोत."

"माझी अंडी आहेत हो तिथे!"

"असू देत की. अंड्यांना आमची काही हरकत नाही."

मग ठराव झाला. कागद निकृष्ट असल्यामुळे भोक फाटलं, यापुढे जाड कागद वापरावा. सगळ्यांनी हात वर केले. हेमांगीला हात नव्हता, तरी तिने घाबरून पंख वर केला. तिचं नेहमी असंच व्हायचं.

पुढच्या चांदमारीला तिने जाड कागद लावला, आणि मंडळी रांगेत उभी राहिली.

इथे मंडळाची शिस्त समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. गोळीबाराआधी प्रत्येकाने कानात सावरीचा कापूस गच्च भरायचा. शेवटचा गुण जाहीर होईपर्यंत तो काढायचा नाही. आणि सगळ्यांच्या गोळ्या संपल्या की कागदाकडे पाठ करून बसायचं. लांबून चोरून भोकं मोजणं असभ्यपणाचं. कागद हातात येईल तेव्हाच बघायचा.

धाड धाड धाड झालं. धूर निवळला. मंडळींनी पाठी फिरवल्या.

हेमांगी कागदापाशी गेली. चित्रातल्या लांडग्याच्या छातीवर भोकंच भोकं, एकापेक्षा एक गोल. आणि डोळ्यात एक फाटकं. जाड कागदालाही.

ती वाकून बघायला लागली.

डोळ्याने पापणी मिटली आणि उघडली.

किंचाळायला तिने चोच उघडली, तर आवाजच फुटेना. तेवढ्या वेळात तिला सगळं समजलं. गोळीबार चालू असताना हा मागच्या मातीच्या बांधाआड बसतो. बार थांबले की कागदापाशी येतो. भोक मुद्दाम केलेलं आहे. पाठी वळल्या का, एवढंच त्यातून बघायचं असतं.

लांडगा कागदाला वळसा घालून बाहेर आला. अंग झटकलं. नाक खड्यांच्या दिशेला केलं.

हेमांगीने कॉलेजात शिकलेलं केलं. पंख मोडल्याचं सोंग करत, लंगडत, दुसऱ्या बाजूला फरफटत गेली. लांडग्याने ते शेवटपर्यंत बघितलं. चांगलं जमलं होतं. पण तो तिच्यामागे गेला नाही.

"अण्णासाहेब!" आता तिचा आवाज फुटला. "अण्णासाहेब, आला!"

पाठी हलल्या नाहीत.

तिने कागद ओरबाडला आणि मंडळींकडे झेपावली. कागदावरचा डोळा बघतील, फाटकं भोक बघतील, मागे वळतील! तिने कागद अण्णासाहेबांच्या मांडीवर टाकला आणि पंखाने मागे दाखवलं. पुन्हा पुन्हा दाखवलं.

अण्णासाहेबांनी चष्मा लावला. मंडळी भोवती जमली. बापूने एका भोकावरून हळूच बोट फिरवलं. कड कशी सुरीने कापल्यासारखी! सखूमावशींनी कागदाआडून आभाळ बघितलं. आभाळाच्या छोट्या छोट्या गोल चकत्या दिसल्या. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आमचे आजोबा," अण्णासाहेब स्वतःशीच म्हणाले.

"अहो, मागे बघा!"

तिने बापूच्या कानातला कापूस चोचीने उपसला. बापूने मान वर न करता तो तिच्या चोचीतून घेतला आणि परत कानात घातला. शिस्त म्हणजे शिस्त. डोळ्याच्या भोकावर अण्णासाहेबांचा अंगठा होता, सवयीने कागद तिथेच धरायचे ते.

"सखूमावशी! बापूदादा!"

खड्यांकडे बघायचं तिला धाडस होईना. न बघता राहवेना. घसा बसत आला होता. मंडळी कागदावर वाकलेली होती, डोक्याला डोकं लावून, देवाचा फोटो बघावा तशी. जंगलात दुसरं चिटपाखरू नव्हतं. गोळीबाराच्या दिवशी तिकडे येणार कोण?

हेमांगीने डोळे मिटले आणि होता तेवढा सगळा जीव लावून हाक मारली.

"अहो, कुणी आहे का? कुणी ऐकतंय का माझं?"

मागून, खड्यांच्या जवळून, कुणीतरी अगदी अदबीने उत्तर दिलं.

"ओ, ताई. मी ऐकतोय ना. पहिल्यापासून ऐकतोय."

तात्पर्य: मुलांनो, संकटात हाक मारत राहावी. ज्याच्या कानात कापूस नसतो, तो ओ देतोच. आणि कागद जाडच वापरावा.