रिलीव्हर कोण?

जरा जवळ सरका. तुम्ही लोक बुऱ्हाणपूरला येता, मावा जिलबी बांधून घेता आणि परस्पर निघून जाता. माणसं कोणी बघायची? निदान आमच्या शेजारचे दिनकर भाऊजी तरी बघून जायचे होते.

मी दाराला कुलूप लावून देवळात निघाले की ते ओट्यावरून विचारणारच, "वहिनी, पॉइंट सोडताय? रिलीव्हर कोण?"

त्यांची चौकीदार पुरवायची एजन्सी आहे. त्या धंद्यात पहाऱ्याची जागा म्हणजे पॉइंट. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय पॉइंट सोडायचा नाही. हा नियम भाऊजींनी साऱ्या जगाला लावलाय. माझी शेगडी हा किचन पॉइंट, मांजर बसते तो दूध पॉइंट. सूर्य उतरला आणि तापीपलीकडे चंद्राचा पत्ता नसला, तर आभाळाकडे बघत म्हणतात, "रिलीव्हर लेट."

त्यांच्या चौकीदारांना मागणी मात्र मोठी. लूमचे कारखाने, मंगल कार्यालयं, केळी पिकवायची गोदामं. मी एकदा म्हटलं, "इतके चोर वाढले का हो?"

"चोर तेवढेच आहेत, वहिनी. डर वाढला. आपला धंदा डरवर चालतो."

त्याला सरकारचं लायसन लागतं, माणसांना ट्रेनिंग लागतं, पोलीस व्हेरिफिकेशन लागतं. शिवाय गणवेश फौजेसारखा किंवा पोलिसासारखा दिसता कामा नये. भाऊजींचा पहिला हिरवा गणवेश तपासणीच्या साहेबांनी नापास केला. "बरं, कोणासारखाच दिसणार नाही असा करतो," म्हणून यांनी लूमवरून जांभळट कापड आणलं, थेट केळफुलाचा रंग. आता इच्छापुरच्या रस्त्याला पहाटेच्या धुक्यात, बागेच्या बांधावर यांची माणसं उभी असली की वाटतं, केळफुलंच खाली उतरून पाय मोकळे करतायत. चोरांचं माहीत नाही, मी मात्र बघत राहते.

चौकीदारांचा विमाही उतरवलाय. देडतलाईचा एक गडी स्टुलावर डुलक्या घेताना पडला, हात मोडला. विमेवाला म्हणाला, झोपेत पडला, ड्यूटीवर कुठे?

भाऊजी शांतपणे म्हणाले, "झोप कुठे लागली? ड्यूटीवर. मग पडला पण ड्यूटीवरच. बराबर?"

दावा मंजूर झाला.

यंदा लायसन नवं करायची वेळ आली. त्यांची मुलगी इंदूरला असते, तिला नुकतीच मुलगी झालीय. ती म्हणाली, बाबा, एजन्सीचं करा काय ते, पण नातीचं तोंड तरी बघून जा. भाऊजी रोज सकाळी बॅग भरून ओट्यावर ठेवायचे आणि दिवेलागणीला तीच बॅग परत घरात न्यायचे. शेवटी मी विचारलं, "अडलंय कुठे?"

ते ओट्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. त्यांची बायको सिंधू संध्याकाळी तिथेच बसून त्यांची वाट बघायची. तिला जाऊन आता काही वर्षं झाली.

"ती रोज या पॉइंटवर असायची, वहिनी. मी साऱ्या गावाला टायमावर रिलीव्हर दिले. इथे मात्र कधी वेळेवर आलो नाही. आता संध्याकाळी मी बसतो. सोडून कसा जाऊ?"

नदीकडून वारा येत होता. दुधात हळद विरावी तसा उजेड विरत चालला होता. मी पदर सावरला आणि त्या कोपऱ्यात जाऊन बसले.

"उठा. मी आले."

त्यांनी तपासणीच्या साहेबासारखं मला वरखाली न्याहाळलं. मग म्हणाले, "तुमचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय?"

"सिंधूनं केलंय. जा तुम्ही."

इथलं लायसनचं काम उरकून ते परवा इंदूरला गेले. जाताना आपली शिटी माझ्या हातात ठेवली. संध्याकाळी मी बसते. गल्लीत एकेक दिवा लागतो, आणि सिंधू आत चहा टाकतेय असं वाटत राहतं. मी तिला उगाच हाक मारत नाही, कामात असेल.

पण माझे गुडघे काही ट्रेनिंगचे नाहीत. तेव्हा लवकर या. जिलबी नंतर घ्या. दिवे लागायच्या सुमाराला सरळ आमच्या गल्लीत शिरा आणि घडीभर या ओट्यावर बसा. मलाही रिलीव्हर लागतो हो.