माणूस जसा नेला तसा आणणारे अण्णा

कुणालाही नदीवर न्यायचं झालं, की आमचे अण्णा आधी त्याच्या बायकोची परवानगी काढायचे. गडी साठीचा असो नाहीतर सत्तरीचा. संध्याकाळी दारात येऊन उभे राहायचे, चपला बाहेर, टोपी हातात. "वैनी, तुमचा माणूस रविवारी घेऊन चाललोय. जसा नेला तसा परत आणून देतो. कुटं खरचटलंय का, आत्ताच बगून घ्या."

आणि वहिनींनी खरंच बघेपर्यंत हलायचे नाहीत. पहिल्यांदा आमच्या हिला हसू आवरेना. दुसऱ्या खेपेला तीही तयार झाली. "डाव्या गुडघ्याला आधीचंच आहे हं, भावजी." अण्णांनी गंभीरपणे वाकून माझा गुडघा पाहिला आणि मान डोलावली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतःचा नंबर लिहून दिला. "काय बी वाटलं तर मला फोन लावा. ह्याला लावू नका, हा उचलत न्हाय."

अण्णा कसबा बावड्याचे. साखर कारखान्यात बॉयलरवर हयात गेलेली, त्यामुळं कुजबुजणं हा प्रकार त्यांच्याकडे नव्हताच. कानात सांगितलेली गोष्ट पलीकडच्या गल्लीत कळायची. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा पुण्यात. पंचगंगा घाटावर रोज सकाळी पोहणारे आम्ही सात जण, त्यातले ते मुकादम. पोहायचं, चहा प्यायचा, राजकारणावरून भांडायचं आणि आपापल्या घरी जायचं. काय दिवस होते राव! आता अण्णा मुलाकडे असतात, बाकीच्यांतल्या दोघांचे गुडघे गेले, आणि मी एकटाच पायरीवर बसून पाण्याकडं बघतो.

त्या उन्हाळ्यात नदीवर भाड्यानं कयाक मिळायला लागले. कयाक म्हणजे प्लास्टिकची लांबुडकी होडी. आत बसलं की ढुंगण पाण्याच्या पातळीला. प्रयाग चिखलीपासून घाटापर्यंत वल्हवत यायचं, असं अण्णांनी ठरवलं आणि सहा घरच्या परवानग्या काढल्या.

निघताना तरंगायच्या जाकिटांवरून भांडण लागलं. आमच्यातला संपतराव जुना पैलवान. तो उसळला, "जन्म पंचगंगेत गेला आणि मला फुगा बांधताय व्हय?"

"तुला कोण बांधतंय? तुज्या बायकूचा माणूस हाय, त्याला बांधतोय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी स्वतः पट्टे आवळले. त्यांचं स्वतःचं जाकीट पोटावर बसेना, ते सुतळीनं बांधलं.

आमचे सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत भरले, आणि आम्ही शहाण्यांनी ती पिशवी संपतरावाच्या होडीत ठेवली. का, तर सगळ्यांत ताकदवान तो. अण्णांनी मात्र आपला बटणांचा फोन भाकरीच्या स्टीलच्या डब्यात घातला. आम्ही पोट धरून हसलो.

संपतराव एकटा एका होडीत, बाकीचे दोघं दोघं. मी निवृत्त मास्तर, म्हणून सगळ्यांचा गुरुजी. अण्णा माझ्या मागं बसले आणि बॉयलर सुरू झाला. "बगॅस टाका!" म्हणजे जोरात वल्हवा. कारखान्यात उसाचा चोथा जाळतात ना, तो बगॅस. "वाफ सोडा!" म्हणजे थांबा. काठावरच्या म्हशींनीसुद्धा माना वर केल्या. पाणी संथ होतं, दोन्ही बाजूंना ऊस. सात म्हातारे शाळा बुडवून आल्यासारखे खिदळत होते.

अर्ध्या वाटेवर वडणग्याच्या बाजूनं आभाळ काळंठिक्कर झालं आणि वारा सुटला. अण्णांनी आरोळी दिली, "काठाला चला समदी!"

"वळीव हाय की ह्यो! धा मिनिटांत जातोय," म्हणत संपतराव पुढंच निघाला.

दहा मिनिटं कसली! वीज कडाडली, टपाटप गारा पडायला लागल्या, आणि वाऱ्यानं संपतरावाची होडी आडवी करून उलटी घातली. बाकीच्या दोन होड्या काठाला लागल्या होत्या, आमची अजून पाण्यातच होती. पैलवान जाकिटामुळं वर आला, पण वल्हं गेलं, होडी गेली, मोबाइलची पिशवी गेली, आणि लाटा त्याच्या तोंडावरून जात होत्या. मी मागं वळून बघितलं. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बगॅस टाका, गुरुजी! आईच्यान, बगॅस टाका!"

आयुष्यात मी तेवढं वल्हं कधी मारलं नाही. अण्णांनी वाकून संपतरावाच्या जाकिटाचा पट्टा धरला तो काठ येईस्तोवर सोडला नाही. आणि सबंध वेळ त्याला शिव्या. "तुज्या घरात काय तोंड दाखवू रं मी? काय सांगू तिला?" काठावर पोचल्यावर त्यांनी पैलवानाचे हातपाय, पाठ, डोकं सगळं चाचपून बघितलं. मगच खाली बसले.

उसाच्या कडेला पाणी उपसायच्या मोटारीची पत्र्याची खोली होती. आम्ही सातही जण तिच्यात कोंबून बसलो. पत्र्यावर गारांचा नुसता ताशा. तेवढ्यात अण्णांच्या डब्यात फोन वाजला. पाऊस शहरातही पोचला होता, आणि घरोघरी बायकांनी कॅलेंडर गाठलं होतं.

पहिला फोन संपतरावाच्या घरचा. "व्हय वैनी, सुखरूप हाय. जरा भिजलाय. खरचटलं न्हाय, मी तपासलंय." मग दुसरा, तिसरा. प्रत्येकीला तोच हिशोबी जबाब, छाती पुढं काढून. सहावा फोन आमच्या हिचा. फोनचा आवाज एवढा मोठा, की खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं.

"वैनी, गुरुजी ठणठणीत हायत. गुडघा हुता तसाच हाय."

"ते कळलं हो. तुम्ही कसे आहात, भावजी?"

"आं?"

"तुम्ही. भिजलाय का? कोरडं काही आहे का अंगावर?"

अण्णांनी आमच्याकडं बघितलं. आम्ही रोज सकाळी भेटत होतो, त्यांच्या जिवावर नदी पार करत होतो, आणि आमच्यातल्या एकानंही त्यांना हे कधी विचारलं नव्हतं. मला लाज वाटली.

"न्हाय वैनी," अण्णा म्हणाले, आणि आवाज इतका बारीक, की गारांमधून जेमतेम कळला. "लई गारठलोय बगा. आणि मगाशी... भ्यालो हुतो."

"मग घरी जाऊ नका. आधी आमच्याकडं या. पाणी तापवून ठेवते."

"येतो," अण्णा म्हणाले.

तिकडून फोन कधीच बंद झाला होता. अण्णा तो तसाच कानाला धरून बसले होते.