बिडकरांना मिळालेले दोन तारे

घरी आणल्यापासून अकराव्या दिवशी कॅमेऱ्याने यशवंत बिडकरांना पाचपैकी दोन तारे दिले.

कंपनीचा तसा संदेश सकाळी चहाच्या वेळी त्यांच्या फोनवर आला. बिडकरांनी चष्मा लावून तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. "ग्राहक नीटनेटका आहे. मला रोज पुसतो. माझ्यावर फिरवायच्या तीन चकत्या आहेत, त्यातली एकही त्याने फिरवलेली नाही. माहितीपुस्तिका वाचली नाही, पण वाचल्याचे शेजाऱ्यांना सांगतो. हा ग्राहक इतर कॅमेऱ्यांना सुचवाल का? नाही."

"दोन म्हणजे अगदीच कमी नाहीत," शालिनीताई म्हणाल्या. त्या तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. समोरचा काहीही बोलला तरी शांत राहायची सवय त्यांना तिथेच लागली होती.

बिडकरांना मात्र ते लागलं. भूमी अभिलेख कार्यालयात चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. आपल्याला कोणी मोजेल असा विचार त्यांच्या मनात कधी आला नव्हता. शिवाय कॅमेऱ्याचं कौतुक त्यांनी सगळ्या कॉलनीत करून ठेवलं होतं. खिशात मावतो आणि चंद्रावरचे खड्डे दाखवतो, असं ते भाजीवाल्यालाही सांगून आले होते. आता निवृत्त माणसाकडे चंद्रावरच्या खड्ड्यांचं काय काम, हे भाजीवाल्याने विचारलं नव्हतं. तो सज्जन होता.

दुसऱ्या दिवशी ते कऱ्हाडहून एसटीने साताऱ्याला, कंपनीच्या सेवा केंद्रात गेले. काउंटरवर वृंदा मेढेकर नावाची मुलगी होती.

"कॅमेऱ्याची तक्रार आहे," बिडकर म्हणाले.

"तुमची कॅमेऱ्याबद्दल, की कॅमेऱ्याची तुमच्याबद्दल?"

"त्याची माझ्याबद्दल."

"मग खिडकी क्रमांक दोन." ती उठून शेजारच्या खुर्चीत बसली. बिडकर दोन पावलं सरकले. "बोला, सर."

बिडकरांनी संदेश दाखवला. तिने तो वाचला आणि नियम सांगितला. कॅमेऱ्याला ग्राहक पसंत पडला नाही, तर तीस दिवसांच्या आत तो ग्राहक परत करू शकतो.

"परत म्हणजे कुठे?"

"जिथून घेतला तिथे. दुकानात. मूळ वेष्टनात."

"माझं कसलं मूळ वेष्टन?"

तिने संगणकात पाहिलं. "निळा बुशशर्ट, करडी पँट, दुकानातल्या एसीसाठी घातलेला बिनबाह्यांचा स्वेटर. धुऊन आणलेत तरी चालतील."

"मला काय दुकानात मांडून ठेवणार?"

"शोकेसमध्ये नाही ठेवत, सर. मागे खोली असते. कऱ्हाडच्या दुकानात सध्या चार ग्राहक आहेत. पंखा आहे, पेपर येतो. दुसऱ्या एखाद्या कॅमेऱ्याने पसंत केलं की जायचं."

"आणि नाही केलं तर?"

"करतात," ती म्हणाली. "दोन ताऱ्यांवर जरा वेळ लागतो इतकंच."

परतीच्या एसटीत बिडकरांनी हिशेब घातला. अठरा दिवस उरले होते. घरी आल्यावर त्यांनी माहितीपुस्तिका काढली आणि दोनशे चौदा पानं पेन्सिलीने खुणा करत वाचली. चकत्या फिरवायला शिकले. पहाटे उठून प्रीतिसंगमावर गेले आणि कोयना कृष्णेला मिळते तिथले सत्तर फोटो काढले. प्रत्येक फोटोआधी ते कॅमेऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने "प्रकाश चांगला आहे" असं म्हणत. समोर अंधार असला तरी म्हणत.

आठवड्याने नवा अभिप्राय आला. "ग्राहक मेहनत घेतो. पूर्वी त्याला काही कळत नव्हते. आता कळते असे त्याला वाटते. दीड तारा."

त्या दिवशी बिडकर जेवले नाहीत. शालिनीताईंनी बुशशर्टला इस्त्री करून ठेवली. इस्त्री करताना त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ कॉलरवरच रेंगाळत होत्या, हे बिडकरांच्या लक्षात आलं, पण त्यांनी फक्त पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. बोलायचं काम बहुतेक त्यांनीच केलं होतं आणि त्यातलं बरंचसं जमिनीच्या हद्दींबद्दल होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी पंचनाम्यासाठी वृंदा मेढेकर घरी आली. तिने पाणी घेतलं, कॅमेरा टीव्हीला जोडला आणि सगळे फोटो एकेक करून पाहिले. बिडकर स्वेटर घालून खुर्चीत तयार बसले होते. मे महिना होता.

"एकूण चारशे बारा," ती लिहीत म्हणाली. "चंद्र, एकशे चाळीस. बोट मध्ये आलेले, शहाण्णव. ग्राहक स्वतः, आरशात, एक्कावन्न." ती थांबली. "आणि ह्या तीन फोटोंत कोणीतरी बाई आहेत. एकात पाठ आहे, एकात कान, एकात बांगड्या. कोण ह्या?"

बिडकर टीव्हीकडे बघत राहिले. मोजणीला गेल्यावर त्यांनी कधी बांधाचा एक हातभर तुकडाही सोडला नव्हता. "आमच्या मिसेस," ते म्हणाले.

"पूर्ण कुठे आहेत?"

"स्वयंपाकघरात," ते चटकन म्हणाले. मग प्रश्न फोटोंबद्दल होता हे त्यांना कळलं आणि त्यांनी स्वेटर खाली ओढून नीट केला.

शालिनीताई पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. "मी एक काढून बघू का?" त्यांनी विचारलं. "नाजूक वस्तू आहे म्हणून यांनी मला हात लावू दिला नव्हता."

वृंदाने केबल काढून कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो जरा वेळ नुसता धरला. मग काहीतरी ऐकू आल्यासारखी मान कलती करून एक चकती दोन घरं फिरवली आणि नवऱ्याचा फोटो काढला.

फोटो टीव्हीवर आला. खुर्चीच्या कडेवर एक म्हातारा बसला होता. त्याचं स्वेटरखालचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं आणि शाळेत पहिल्याच दिवशी सोडलेल्या मुलासारखा तो कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघत होता. आपण रुबाबदार दिसतो अशी बिडकरांची समजूत होती. आरशातल्या एक्कावन्न फोटोंनी ती पक्की केली होती. ह्या फोटोत रुबाब कुठेच नव्हता. तरी त्यांना तो पुसून टाकावासा वाटला नाही.

वृंदाच्या फोनवर संदेश वाजला. "पाच तारे," तिने वाचलं. "अभिनंदन, काकू. ग्राहक बदलाचा अर्ज भरू या."

"आणि मी?" बिडकरांनी विचारलं.

"तुम्ही परत, काका. गाडी आणली आहे मी."

"ते माझे मिस्टर आहेत," शालिनीताई म्हणाल्या.

"ते खरं आहे, पण कॅमेऱ्याने नापसंत केलेला ग्राहक म्हणून त्यांना इथे ठेवता येत नाही." वृंदाने नियमांची वही काढून दोनचार पानं चाळली. मुलगी मनाने चांगली होती. "नव्या ग्राहकाला जोडसामान मात्र ठेवता येतं. कव्हर, पट्टा, स्टँड, असं. काकू, तुम्हाला ठेवायचे आहेत का हे?"

शालिनीताईंनी विचार केला. तो बिडकरांना अपेक्षित होता त्याहून बराच जास्त वेळ चालला. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, टीव्हीवरच्या फोटोकडे पाहिलं, पुन्हा खुर्चीकडे पाहिलं.

"ठेवते," त्या म्हणाल्या.

अर्जात नोंद झाली. जोडसामान: पती, नग एक. स्थिती: वापरलेले. हमी: नाही. बिडकर सहीसाठी पुढे झाले, तेव्हा वृंदाने त्यांना हळूच थांबवलं. जोडसामानाची सही लागत नाही, ती म्हणाली. शालिनीताईंनी सही केली.

"स्वेटर काढा आता," सही करता करता त्या नवऱ्याला म्हणाल्या. "उकडत असेल."

आता रविवारी सकाळी दोघं घाटावर जातात. शालिनीताई कपडे वाळत घालणाऱ्या बायकांचे, नावाड्यांचे, पायऱ्यांवर बसलेल्या माणसांचे फोटो काढतात. माणसं त्यांच्याशी बोलत राहतात आणि फोटो कधी निघाला ते त्यांना कळत नाही. बिडकर मागे स्टँड धरून उभे असतात. गेल्या रविवारी एका आजींच्या चेहऱ्यावर फार ऊन येत होतं.

"अहो, जरा डावीकडे," कॅमेऱ्यातून नजर न काढता शालिनीताई म्हणाल्या. "तुमची सावली हवी आहे."

बिडकर अर्धं पाऊल डावीकडे सरकले आणि आजींना पुरेल इतके ताठ उभे राहिले.