जेवणाआधी एक माणूस

संध्याकाळी ऊन उतरायला लागलं, की रूबेननाना आमच्या पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेतून भुकेल्या पोटी फिरायचे. घरात अन्न नव्हतं म्हणून नव्हे. डाळ सकाळीच करून, ताटलीनं झाकून ठेवलेली असायची. पण नानांचा नेम असा, की दिवसात कुणाचं तरी एक काम केल्याशिवाय रात्रीचा घास घ्यायचा नाही. आणि एखाद्या दिवशी कुणाचं काहीच अडलं नाही, की नानांची पंचाईत व्हायची. मग ते दारात उभे राहून विचारायचे, "काय अडलंय काय गो तुझं?"

"नाही नाना, सगळं ठीक आहे," म्हटलं, की त्यांचा चेहरा उतरायचा. माझं सगळं ठीक आहे हे ऐकून इतकं वाईट वाटणारा माणूस मला आधी भेटला नव्हता.

ही गोष्ट अश्केलोनची, आम्ही मुंबईहून इस्राएलला आलो त्या पहिल्या वर्षांची. नव्या लोकांना पक्की घरं मिळेपर्यंत सरकार ज्या वस्तीत ठेवायचं तिला मआबारा म्हणत. पत्र्याच्या खोल्या, दोन रांगांमध्ये नुसती वाळू आणि टोकाला सगळ्यांत मिळून एक नळ. एका हाताला मोरोक्कोचे लोक, समोर रुमानियाचे आणि कोपऱ्यात आमची बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, चारदोन घरं. माझा नवरा आरोन पाइपच्या कारखान्यात लागला होता. माझी लेक रिव्का वस्तीतल्या शाळेत जायची आणि मी मराठीत हाक मारली, की हिब्रूत उत्तर द्यायची. रूबेननाना आमच्या शेजारच्या खोलीत. एकटेच; बायको राहेल मागेच वारलेली.

नाना मूळ अलिबागकडचे. नोकरी सगळी मुंबईत झाली, गोदीच्या स्टोअरमध्ये. स्टोअरकीपर म्हणजे वस्तू देणारा माणूस असा माझा समज होता. तो नानांनी दूर केला.

"नाय गो. स्टोअरकीपरचं काम द्यायचं नसतं, नाय देयाचं असतं. मिस्त्री आला, खिळे पायजेत. चिठ्ठी आण. चिठ्ठी आणली, सायबाची सही आण. सही आणली, आता लंच टाइम. सरकारनं जन्मभर मला 'नाय' म्हणायचा पगार दिला. म्हटलं, पेन्शनीत तरी 'हो' म्हणून बघू."

तर नाना आता 'हो' म्हणत होते, आणि कुणी विचारलं नाही तरी म्हणत होते.

दिवसाची सुरुवात नळावर व्हायची. पहाटेची प्रार्थना आटोपून, डोक्यावर काळी टोपी, हातात बादली अशी त्यांची स्वारी नळाच्या रांगेत आली, की ते सगळ्यांकडे तोंड करून उभे राहायचे आणि त्या दिवसाचा विचार सांगायचे. मराठीत. रांगेत मराठी कळणारी मी एकटी असले तरी आवाज शंभर माणसांना पुरेल असा.

"आज काय ध्यानात ठेवायचं? दानधर्म पैशानंच होतो असं नाय. पैसा हाय कुणाकडं इथं? आपली बादली भरली की मागच्याची बादली आपल्या हातानं नळाखाली सरकवायची. झाला धर्म."

दुसऱ्या दिवशी निराळा विचार. "अंडी रेशनवर हायत, साखर रेशनवर हाय. तोंडावरचं हसू रेशनवर हाय काय? मग येवढं जपून कशाला वापरता?"

एकदा नुसतंच म्हणाले, "ज्याच्यावर राग आलाय, त्यानं आज सकाळी काय खाल्लं ते आधी विचारायचं." आणि पाणी भरून निघून गेले. तो विचार मला दिवसभर पुरला. आरोनशी माझं आदल्या दिवशी वाजलं होतं, आणि तो बिचारा कामावर नुसता काळा चहा पिऊन गेला होता.

मोरोक्कोच्या म्हाताऱ्या बायकांना वाटलं, हा भारतातला आजोबा पाण्यावर आशीर्वाद म्हणतोय. त्यांनी नानांचं बोलणं संपलं की "आमेन" म्हणायला सुरुवात केली. हळूहळू सगळी रांग म्हणायला लागली. नाना खूश. मला म्हणाले, "बघ लिया, लोकांना पटतंय."

मी त्यांना खरं सांगितलं नाही. पटतही असेल, कुणी सांगावं.

पण विचार सांगणं सोपं. नाना ते करायलाही जायचे, आणि तिथं घोटाळे व्हायचे. एकदा आभाळ भरून आलं तेव्हा बायका सगळ्या शाळेत कसल्याशा सभेला गेल्या होत्या. नानांनी दोन्ही रांगांमधले वाळत घातलेले कपडे काढले, नीट घड्या केल्या आणि आपल्या खोलीत सुरक्षित ठेवले. स्टोअरकीपरच तो. सदरे एका ढिगात, चड्ड्या दुसऱ्या ढिगात, मोजे तिसऱ्या. कुणाचं काय, याची नोंद मात्र नाही. पाऊस काही आला नाही. संध्याकाळी तीन देशांच्या बायका नानांच्या खोलीत बसून परकर उंच धरून ओळखत होत्या, आणि नाना दारात उभे राहून प्रत्येकीला "बेवाकाशा" म्हणत होते.

हा त्यांचा एकुलता एक हिब्रू शब्द. हिब्रूच्या वर्गाला ते थोडेच दिवस गेले. तिथं मास्तरीणबाईंनी शिकवलं, की कुणी आपल्याला 'तोदा' म्हणून आभार मानले, की आपण 'बेवाकाशा' म्हणायचं. नाना तेवढं घेऊन घरी आले. म्हणाले, "बाकीचे शब्द मागायला लागतात. मला येवढाच पुरे."

अंड्यांचं प्रकरण मात्र सगळ्यांत मोठं. आमच्या पलीकडच्या मोरोक्कन शेजारणीला दिवस गेले होते. तिच्या वाटची अंडी आणायला नाना स्वतःहून रांगेत उभे राहिले. अंडी घेऊन निघाले. वाटेत एक खोकणारा म्हातारा भेटला. नानांना दया आली. त्यांनी अंडी त्याला दिली आणि रिकामी पिशवी शेजारणीच्या हातात ठेवली. ती आधी पिशवीत बघत राहिली, मग नानांकडे. तिचा नवरा बाहेर आला तेव्हा मी आणि आरोन मध्ये पडलो. आमच्या वाटची दोन अंडी देऊन मिटवलं.

आरोन त्या दिवशी चिडला. "नाना, दुसऱ्याच्या अंड्यांवर कसला दानधर्म करता?"

नाना दुसऱ्या दिवशी नळावर येऊन म्हणाले, "आजचा विचार. द्यायचं ते आपल्यातलं द्यायचं. काल मी चुकलो." रांग म्हणाली, "आमेन." त्या आठवड्याची आपली अंडी त्यांनी शेजारणीला नेऊन दिली.

असं असलं, तरी नाना उपाशी झोपावेत असं कुणालाच वाटत नव्हतं. कुणी ठरवलं नाही, पण सगळे त्यांच्यासाठी एखादं काम राखून ठेवू लागले. मोरोक्कन शेजारीण सुईत दोरा ओवायला नानांकडे यायची, आणि तिची नजर घारीसारखी होती. समोरचा रुमानियाचा शिंपी आपलं मोडकं स्टूल ठोकताना ते त्यांच्याकडून धरवून घ्यायचा. आमच्या घरी लोणच्याची बरणी होती. आरोन कामावरून आला की तिचं झाकण घट्ट पिळून ठेवायचा. मग नाना यायचे, "काय अडलंय काय?" मी बरणी पुढं करायची. नाना जोर लावायचे, झाकण उघडायचं, मी "तोदा" म्हणायची, ते "बेवाकाशा" म्हणून जेवायला पळायचे. एकदा आरोननं ते इतकं पिळलं, की त्याचं त्यालाही उघडेना. त्या रात्री नाना शेवटी रिव्काच्या वेणीला रिबन बांधून जेवले.

फक्त एक बाई नानांना दाद देत नसत. क्लाराबाई. रुमानियाच्या, समोरच्या रांगेत शेवटच्या खोलीत एकट्या राहायच्या. उंच, ताठ, केस मागे घट्ट बांधलेले. युद्धात त्यांचं सगळं कुटुंब गेलं होतं. कसं, ते आम्ही कुणी विचारलं नाही. त्या कुणाकडे जात नसत, कुणाला घरात घेत नसत. नानांनी बादलीला हात लावला, की त्या म्हणायच्या, "लो त्सारीख." म्हणजे, गरज नाही.

"बेवाकाशा," नाना म्हणायचे.

"लो त्सारीख."

"बेवाकाशा."

त्यांच्यात एवढंच संभाषण व्हायचं, आणि बादली घेऊन क्लाराबाई निघून जायच्या.

एका सकाळी नानांनी नळावर जाहीर केलं, "जो आपल्याला बोलावतो, त्याच्याकडं कुणी पण जाईल. जो दार लावून घेतो, त्याचं काय? आज मी त्या बाईचंच काम करणार. दुसऱ्या कुणाचं चालणार नाय." रांग नेहमीप्रमाणे "आमेन" म्हणाली. क्लाराबाईही रांगेत होत्या. त्यांना काय कळणार.

दिवसभर नाना त्यांच्या दाराशी घुटमळले. घासलेटचा डबा उचलायला गेले, लो त्सारीख. दारातली वाळू झाडायला गेले, तर त्यांनी खराटाच काढून घेतला. संध्याकाळी मी बरणी घेऊन दारात उभी राहिले. नाना बरणीकडे बघून म्हणाले, "नको गो. सकाळी सगळ्यांसमोर बोललोय." त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशीही तेच, आणि कालचं काम राहिलं म्हणून सकाळीही त्यांनी काही खाल्लं नाही. दुपारी ऊन मी म्हणत होतं. मी नळावर कपडे धूत होते. नाना बादली घेऊन आले, दोन पावलं वेडीवाकडी पडली आणि ते मटकन वाळूत बसले. चेहरा पांढरा. मी त्यांच्या तोंडावर पाणी मारत होते, तेवढ्यात क्लाराबाई दारातून बाहेर आल्या.

"काय झालं यांना?" त्यांनी हिब्रूत विचारलं.

माझं हिब्रू तेव्हा यथातथाच. मी म्हटलं, "कालपासून जेवले नाहीत. तुमचं एक काम केल्याशिवाय जेवणार नाहीत. तुम्ही करू देत नाही."

"माझं काम? का?"

"त्यांची रीत आहे. रोज एका माणसाचं काम."

क्लाराबाई नानांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्या रुमानियाच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या आणि तरातरा आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा एका हातात खुर्ची होती. ती त्यांनी सावलीत ठेवली. नानांच्या एका दंडाला त्यांनी धरलं, दुसऱ्याला मी, आणि त्यांना बसवलं. मग त्या परत आत जाऊन कोबीच्या सूपचा वाडगा आणि पाव घेऊन आल्या.

नानांनी मान हलवली. मला म्हणाले, "सांग तिला, आधी काम."

मी सांगितलं. क्लाराबाईंनी थोडा वेळ विचार केला. मग माझ्याकडे न बघता, नानांनाच सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मी एकटी. सूप खूप झालंय. मला संपत नाही. टाकवत नाही. मला मदत करा."

मी त्याचं मराठी केलं. नानांनी वाडग्याकडे पाहिलं, क्लाराबाईंकडे पाहिलं, आणि वाडगा हातात घेतला. क्लाराबाईंनी आपल्यासाठी एक स्टूल आणलं आणि त्या समोर बसून राहिल्या. नाना शेवटच्या थेंबापर्यंत सगळं प्यायले. पावानं वाडगा पुसून घेतला.

क्लाराबाई वाडगा परत घेत म्हणाल्या, "तोदा."

नाना उठून उभे राहिले, टोपी सरळ केली आणि म्हणाले, "बेवाकाशा."

आणि क्लाराबाई हसल्या. अगदी थोडं, पण नळावरच्या सगळ्यांनी ते पाहिलं.

नानांना घेऊन मी त्यांच्या खोलीकडे निघाले. मला जरा रागच आला होता. मी म्हटलं, "नाना, तुमच्या वयाला हे शोभतं का? चक्कर येईपर्यंत उपाशी राहायचं. कुणी घातला तुम्हाला हा नेम?"

ते वाटेत थांबले. म्हणाले, "कुणी नाय गो. राहेल गेली त्याच्यानंतरचं हाय हे. ती असताना जेवायला समोर बसायची. ती गेल्यावर ताट वाढून घ्यायचो नि समोर नुसती भिंत. घास उतरायचा नाय. मग एक दिवस कुणाचं तरी गाठोडं उचलून दिलं वाटेत. त्या रात्री जेवताना तोच माणूस डोळ्यांसमोर होता. कुठं जात असेल, पोचला असेल काय. विचार करता करता जेवून झालं. म्हटलं, हे बरं हाय. रोज एक माणूस जेवायला घरी न्यायचा. त्याला कळत पण नाय."

मी त्यांची बादली या हातातून त्या हातात घेतली.

"म्हणजे तू पुष्कळदा येऊन गेलीयस आमच्याकडं," नाना म्हणाले. "आज मात्र उलटं झालं. आज खरंच कुणीतरी समोर बसलं होतं. सूपात मीठ नव्हतं, काय नव्हतं. पण बसली होती."

ते खोलीत गेले. राहिलेले कपडे धुऊन संध्याकाळी मी घरी आले, तेव्हा आरोन कामावरून येऊन दारात पाय धूत होता. वस्तीत बातमी पोचली होतीच. त्यानं विचारलं, "काय म्हणाले नाना?"



"सूपात मीठ नव्हतं म्हणाले," मी म्हटलं, आणि रिव्काला हाक मारून शेजारी पाठवलं, नानांना म्हणावं, आजपासून रात्रीचं ताट आमच्यात.